पांढरी कावीळ असताना गणपतीला गावी जायची तयारी

गोळ्या. बाकी काही राहिलं तर गावात मिळेल, कुणाकडून उसनं मिळेल, नाहीतर त्याच्यावाचून भागेल. पण पांढऱ्या काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी (हेप बी) ची जी गोळी चालू असेल, टेनोफोविर म्हणा की एन्टेकाविर, ती मुक्कामाच्या दिवसांएवढी आणि वर किमान पंधरा दिवसांची जास्त, एवढी हातात असल्याशिवाय कोकणात निघूच नका. मागच्या खेपेला मी दिवस मोजून तेवढ्याच नेल्या. दरड आली, परतीचं रिझर्वेशन गेलं, मुक्काम वाढला आणि बाटली रिकामी. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे नव्हती, म्हणाला मागवून देतो पण सुट्ट्या आहेत, चार दिवस धरा. आणि मला बरं वाटत होतं ना, इथेच फसायला होतं. घरी आल्यावरही ऑफिसच्या गडबडीत आज आणतो उद्या आणतो करत खंड लांबला आणि पुढच्या तपासणीला एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतो तो आकडा) कितीतरी पट वर.

ही गोळी व्हायरसला शरीरातून काढून टाकत नाही, त्याची वाढ थांबवते फक्त. लिव्हरच्या पेशींच्या आत तो दडी मारून असतोच. गोळी बंद झाली की तो पुन्हा वाढायला लागतो, मग आपली प्रतिकारशक्ती त्याच्या मागे लागते आणि त्यात आपल्याच लिव्हरच्या पेशी मरतात. काही जणांचं प्रकरण लिव्हर फेल होण्यापर्यंत जातं, सिरोसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) असेल तर धोका आणखी मोठा. सुरुवातीला कळत काहीच नाही, डोळे पिवळे दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तेव्हा "मला तर काही त्रास नाही" हे कारण मनात आलं तरी बाजूला सारा.

आता हिशोब. बाटलीत साधारण ३० गोळ्या असतात आणि जुलै ऑगस्ट दोन्ही महिने ३१ दिवसांचे, म्हणजे महिन्याला एक बाटली या हिशोबाने गणपतीपर्यंत आपण आधीच मागे पडलेले असतो. बाटली उघडून गोळ्या हातावर घ्या आणि मोजा, अंदाजाने नको. सरकारी केंद्रातून घेत असाल (व्हायरल काविळीसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात औषधं फुकट मिळतात) तर सुट्ट्या लागायच्या आधी जा आणि गावी चाललोय, तारखा अशा आहेत, जास्तीच्या द्या हे तोंडाने सांगा, आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार. आणि गोळ्या त्यांच्याच बाटलीत ठेवा. आत ती छोटी पुडी असते ना ओल शोषणारी, ती फेकू नका, झाकण घट्ट लावा. भाद्रपदातल्या कोकणात मीठसुद्धा पाणी धरतं, प्लॅस्टिकच्या डबीत सुट्ट्या गोळ्या नेऊ नका. बाटली हातातल्या सॅकमध्ये, डिकीतल्या किंवा सीटखालच्या मोठ्या बॅगेत नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये, कागद पाकिटात, आणि त्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं हवं कारण तुमच्या शहरातली कंपनी तिथे मिळेलच असं नाही.

वेळेचं पण ठरवून ठेवा. एन्टेकाविर उपाशीपोटी लागते, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. गणपतीच्या घरात तोंड रिकामं कधी असतं, आरती झाली की प्रसाद, कोण आलं की चहा आणि करंजी, म्हणून सकाळी उठल्याउठल्या घ्या आणि चहा दोन तासांनी. डॉक्टरांना विचारूनच वेळ बदला. टेनोफोविरची २५ मिलिग्रॅमची नवीन गोळी असेल तर ती जेवणाबरोबर घेतात. अलार्म लावा. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

तपासण्या निघायच्या आधी. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी या दिवसांत येत असेल तर आल्यावर करू म्हणून ठेवू नका, ती लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला असते, आणि हेप बी मध्ये सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. शेवटच्या एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (किडनीची) आणि व्हायरल लोडचे (रक्तात व्हायरस किती ते) रिपोर्ट मोबाईलमध्ये. गावात आजारी पडलात तर तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की हेप बी आहे आणि अमुक गोळी चालू आहे. अंगदुखीवर मेडिकलवाला सहज देतो त्या पेनकिलर टेनोफोविरबरोबर किडनीला महागात पडू शकतात. ताप आला तर पॅरासिटामॉल, पण किती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. स्टेरॉईड कुणी देत असेल तर आपल्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय नको, त्याने दबलेला व्हायरस उसळू शकतो.

स्वतःचा ब्रश, रेझर, नेलकटर. हे चुलत भावांच्यात सर्रास फिरतं, "दे रे जरा" म्हणतात, तर देऊ नका, वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा. व्हायरस रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, आणि सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो. नारळ खवताना विळीवर बोट कापलं तर उठा, हात धुवा, पट्टी लावा, तो खव टाकून द्या आणि विळी आणि जमीन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. पट्ट्यांचं पाकीट बरोबर न्या. पण म्हणून स्वयंपाकघराबाहेर बसायचं अजिबात कारण नाही. मोदक वळा, पंगतीत बसा, एका ताटात जेवा, पोरांना मांडीवर घ्या. जेवणातून, भांड्यांतून, मिठी मारल्याने हेप बी होत नाही.

आणि कुणीतरी ताट वेगळं मांडणारच, त्याची मनाची तयारी करा. मला सगळ्यात जास्त दमवणारं हेच असतं, आजार नव्हे. घरात एका समजूतदार माणसाला निघायच्या आधी फोन करून सगळं सांगून ठेवा, काकू, वहिनी, जी कुणी बाकीच्यांना गप्प करू शकते ती. उदाहरण लागलं तर अमिताभ बच्चन यांचं द्या, १९८२ च्या शूटिंगमधल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून त्यांना हेप बी झाला, लिव्हरचा ७५ टक्के भाग गेला, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय आणि ते अजून काम करतायत. घरच्यांना लस घ्यायला सांगा, तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, म्हणजे गणपतीच्या आदल्या आठवड्यात सांगून उपयोग नाही. लहान मुलांना आता सरकारी लसीकरणात मिळते, मोठ्यांचंच राहिलेलं असतं. आधी रक्त तपासायचं, मग लस.

कावीळ उतरवणारा कुणीतरी असतोच गावात. नाकात थेंब, मनगटावर डाग, कुठलातरी पाला. नको. म्हातारी माणसं प्रेमाने आणून देतात, नाही म्हणायला जड जातं, तरी हात जोडून नको म्हणा. गुळवेलीचा काढासुद्धा नको, कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवलेत. आणि काढा चालू केला की गोळी बंद करायचा सल्ला मागोमाग येतो, तो तर कानावरही घेऊ नका.

दारू थेंबभरही नाही, वाक्य पाठ करून जा: "लिव्हरची गोळी चालू आहे." ओल धरलेले, बुरशी आलेले शेंगदाणे टाकून द्या, त्या बुरशीतलं विष आणि हेप बी मिळून कॅन्सरचा धोका वाढवतात. गौरी गेल्यावर कालवं येतील, ती पूर्ण शिजवूनच, सिरोसिस असेल तर कच्ची अर्धकच्ची जिवावर बेतू शकतात.

भजनाला रात्रभर बसू नका, थकवा येतो तो खरा असतो. दुपारी झोपा, कुणी आळशी म्हटलं तर म्हणू दे.

परत निघताना गोळ्या पुन्हा मोजा. पाचाच्या आत असतील तर उतरल्यावर घरी जायच्या आधी मेडिकल. मुक्कामात एखादी चुकली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना खरं सांगा, एलएफटी करून घ्या, आणि रिकामी बाटली कपाटात ठेवून दिवाळीपर्यंत बघत बसू नका.