अमेरिकेतलं ४०१-के हे निवृत्ती खातं ठेवून ठाण्यात परतलात? या चुका टाळा

जुलै लागला की माझ्या नौपाड्यातल्या ऑफिसात घोडबंदर रोडवरून हा फोन हमखास येतो: "सर, तिकडच्या ४०१-केमधून मी एक डॉलरही काढलेला नाही, मग इथे टॅक्स कसला?"

न काढताही लागू शकतो. तुम्ही इथले पूर्ण रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. त्या खात्यात साठणारं व्याज, लाभांशही. अमेरिका मात्र कर घेते पैसे काढताना. वर्षं जुळली नाहीत की तिकडच्या कराचं क्रेडिट (इथल्या करातून वजावट) मिळवताना घाम फुटतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए यासाठीच आलं. कर निर्धारण वर्ष २०२२-२३ (म्हणजे २०२१-२२ च्या उत्पन्ना) पासून अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांना इथेही काढतानाच कर, अशी मुभा मिळाली.

ही मुभा आपोआप मिळत नाही. रिटर्नच्या मुदतीआधी आयकर पोर्टलवर फॉर्म १०-ईई भरावा लागतो. एका गृहस्थांनी रिटर्नमध्ये ८९एच्या रकान्यात आकडा नीट टाकला होता, फॉर्मचा मात्र पत्ताच नव्हता. एकदा भरलेला पर्याय मागे घेता येत नाही. पुढे पुन्हा परदेशी जाऊन अनिवासी झालात, तर तो कधी घेतलाच नव्हता असं धरून मागच्या वर्षांचा हिशेब उघडतो. दोन वर्षांत परत जायचा बेत असेल तर आधी बोला, मग सही करा.

इथे परतल्यावर उघडलेल्या खात्याला ८९ए लागू नाही. रॉथ खातंही (ज्यात कर आधीच भरलेला असतो आणि काढताना सहसा लागत नाही) त्यात डोळे झाकून घालू नका. काढताना करपात्र असणं ही कलमाची अट आहे.

परतल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षं अनेकांचा दर्जा 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा असतो. तेव्हा परदेशी उत्पन्न सहसा सुटतं. पण काढलेली रक्कम थेट ठाण्यातल्या बँकेत मागवली, तर ती भारतात 'मिळालेली' ठरते आणि इथे कर लागू शकतो. आधी तिकडच्या बँक खात्यात घ्या.

पूर्ण रहिवासी झाल्यावर शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, चुकवू नका. त्यात आकडे आर्थिक वर्षाचे नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचे लागतात: सर्वोच्च शिल्लक आणि अखेरची शिल्लक, स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने (बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो). ते स्टेटमेंटमधूनच मिळतात, आणि लॉगिनचा ओटीपी जातो परतताना बंद केलेल्या अमेरिकन नंबरवर. विमानात बसण्याआधी तो नंबर बदलून घ्या.