काळ्या मातीवर रोलर हॉकीची रिंक कशी बांधावी

रोलर हॉकी म्हणजे पायात चाकांचे स्केट घालून खेळायची हॉकी, आणि रिंक म्हणजे तिचं कठड्याने घेरलेलं गुळगुळीत मैदान. या खेळातलं राष्ट्रीय संघांचं युरोपीय अजिंक्यपद 1926 साली इंग्लंडमधल्या हर्न बे गावी सुरू झालं. आशियाई स्पर्धेत भारताचाही संघ उतरतो. त्या पातळीवरची रिंक साधारण 40 मीटर बाय 20 मीटरची असते. यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर पोरांना तयार करायचं असेल, तर याच मापाची बांधा. निम्म्या मापावर सराव केलेल्या पोराला मोठ्या रिंकवर पासचा अंदाजच येत नाही.

जागा आखा, चारही कोपऱ्यांचे कर्ण जुळवून घ्या. झाडापासून दूर राहा. कडुनिंब-बाभळीची मुळं जमिनीतलं पाणी ओढतात आणि त्या बाजूची फरशी खचते.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर एका पावसाळ्यात तडे जातात. किमान 60 सें.मी. खोदा. मुरूम 15-15 सें.मी.च्या थरांत टाका आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम ढीग टाकून वरून दाबला तर खालचा मुरूम पोकळच राहतो. रिंकच्या बाहेरही मीटरभर मुरूम भरा, म्हणजे कडेखालची माती लवकर सुकत नाही. वर प्लास्टिक कागद अंथरा.

आता खरं काम. एम-25 काँक्रीट (एम-25 ही मजबुतीची प्रत), जाडी 12.5 सें.मी., म्हणजे एकूण 100 घनमीटर. सगळं एका दमात ओतू नका. 20 मीटर लांब, 4 मीटर रुंद असे दहा पट्टे आडवे पाडा आणि एक सोडून एक भरा. पट्ट्यांच्या सांध्यात 16 मि.मी.च्या गुळगुळीत सळया दर 30 सें.मी.वर ठेवा, त्यांच्या एका अर्ध्याला ग्रीस लावा. त्या नसतील तर शेजारचे पट्टे वरखाली होतात. सांध्यात दोन मिलिमीटरचा उंबरा आला, तरी क्वाड स्केटचं (पुढे दोन, मागे दोन चाकं असलेल्या स्केटचं) चाक अडतं आणि पोरगं तोंडावर पडतं. उतार एकाच बाजूला, दर मीटरला 3 मि.मी. तो लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासत राहा, डोळ्यावर भरवसा ठेवू नका.

घोटाईत सगळ्यात जास्त घात होतो. मिस्त्री हमखास वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि पाणी शिंपडून काचेसारखं घोटतो. हे करू देऊ नका. तो पापुद्रा सुटतो, धूळ धरते आणि धुळीवर चाकं घसरतात. झाडूच्या रेघा ओढणंही चुकीचं, त्यावर चेंडू उडतो आणि चाकं झिजतात. काँक्रीटवर सुटलेलं पाणी आपोआप जिरू द्या. अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटला की स्टीलच्या थापीने दोनदा घोटा आणि थांबा.

ओताई दिवाळीनंतर करा, पण मजूर आधीच बांधून ठेवा. कापूस वेचणी सुरू झाली की माणूस मिळत नाही. उन्हाळ्यातच करावं लागलं तर संध्याकाळी सुरू करा, नाहीतर कोरड्या वाऱ्यात घोटण्याआधीच वर केसासारखे तडे येतात.

दुसऱ्या दिवशी, 24 तासांच्या आत, पट्ट्यांना दर 4 मीटरवर कटर मशीनने जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या खाचा पाडा. मग ओलं गोणपाट निदान 14 दिवस. सुकलेलं, पुन्हा भिजवलेलं, पुन्हा सुकलेलं गोणपाट काही कामाचं नाही. 28 दिवसांनी खाचा सीलंटने (सांधे बुजवायच्या लवचीक लुकणाने) बुजवा.

बाकी सोपं आहे. भोवती मीटरभर उंचीचा कठडा, कोपरे गोलाकार. गोलपोस्ट आतून 170 सें.मी. रुंद, 105 सें.मी. उंच. चेंडू 155 ग्रॅमचा.

रिंकवर सोयाबीन वाळवायला मागतील, त्यांना आधीच ठाम नाही म्हणा. एक दाणा चाकाखाली आला तरी मनगट मोडतं, आणि धान्यामागून ट्रॅक्टर आला की फरशीच्या कडा तुटतात.