व्हिममध्ये कोड फोल्डिंग लावताय? या चुका टाळा

हजार-बाराशे ओळींची फाइल उघडल्यावर आधी फक्त फंक्शनची नावं दिसावीत आणि हवं तेवढंच उलगडावं, ही कोड फोल्डिंगची सोय व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये २००१ सालच्या ६.० आवृत्तीपासून आहे. तरीही एकदा लावून, वैतागून ती कायमची बंद केलेले लोक पुष्कळ भेटतात. मला याचं वाईट वाटतं, कारण त्रास देणाऱ्या बहुतेक गोष्टी दोन-तीन ओळींत सुटणाऱ्या असतात. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, आणि ‘कॅपिटल’ म्हटलंय तिथे शिफ्ट.)

सगळ्यात आधी हे पाहा की फोल्ड (उघडता-मिटवता येणारा ओळींचा गट) ठरवतंय कोण. ते काम फोल्डमेथड या पर्यायाचं. मॅन्युअल, इंडेंट, सिंटॅक्स, मार्कर, एक्स्प्रेशन आणि डिफ अशा सहा पद्धती आहेत आणि एका विंडोत एका वेळी एकच चालते. आपण काही लावलं नाही तर मॅन्युअल. इंडेंट लावून ठेवायचं आणि मग ओळी निवडून झेड-एफने स्वतःचा फोल्ड करायला जायचं, ही नेहमीची गल्लत. त्यावर व्हिम ई३५० हा एरर देतो, कारण हाताने फोल्ड करणं फक्त मॅन्युअल आणि मार्करमध्ये चालतं. व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलेलं एक आणि प्रत्यक्षात वागणं दुसरंच, असं दिसलं तर अंदाज बांधत बसू नका. ‘व्हर्बोज सेट फोल्डमेथड’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्या. आत्ताची किंमत काय आणि ती शेवटची कुठल्या फाइलमधून लागली, दोन्ही समोर येतं. बऱ्याचदा त्यामागे एखादं प्लगइन (वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) सापडतं.

फाइल उघडताच सगळं मिटलेलं दिसतं, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. फोल्डलेव्हल, म्हणजे किती पातळ्यांपर्यंतचे फोल्ड उघडे ठेवायचे तो आकडा, मुळात ० असते, म्हणून असं होतं. व्हिमआरसीत फोल्डलेव्हलस्टार्ट (फाइल उघडतानाची फोल्डलेव्हल) ९९ करा. फाइल उघडी मिळेल, आणि हवं तेव्हा झेड-कॅपिटल एमने सगळं मिटवा, झेड-कॅपिटल आरने सगळं उघडा, झेड-एने कर्सरखालचा एकच फोल्ड उघडा किंवा मिटवा.

आता इंडेंट पद्धत. नव्या माणसाला मी हीच सुचवतो, पण तिची मेख शिफ्टविड्थ (इंडेंटची एक पायरी किती स्पेसची) या पर्यायात आहे. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा (इंडेंट) भागिले शिफ्टविड्थ, आणि उरलेली बाकी सोडून द्यायची: ही त्या ओळीची पातळी. शिफ्टविड्थ मुळात ८ असते. तुमची जावास्क्रिप्ट २ स्पेसने लिहिलेली असेल, तर २, ४ आणि ६ स्पेसच्या ओळी ० पातळीवरच राहतात आणि चार पायऱ्या आत गेल्यावर कुठे पहिला फोल्ड दिसतो. मग वाटतं की फोल्डिंग चालतच नाही. पायथनमध्ये हा घोळ सहसा होत नाही, कारण फाइलटाइप प्लगइन (भाषेनुसार सेटिंग लावणारी सोय) चालू असेल तर व्हिम स्वतःच शिफ्टविड्थ ४ करतो. बाकी भाषांसाठी प्रोजेक्टमध्ये जेवढं इंडेंट आहे तेवढीच शिफ्टविड्थ त्या फाइलटाइपला लावा. फार खोलवर फोल्ड होऊन गचाळ दिसत असेल, तर फोल्डनेस्टमॅक्स (एकात एक किती फोल्ड चालतील ती मर्यादा) २ किंवा ३ करा.

यापुढची चूक मात्र कोड घालवणारी आहे. मिटलेल्या फोल्डवर डी-डी (ओळ खोडणारी कमांड) केलं, तर एक ओळ नाही, आतला सगळा मजकूर जातो. शोधून बदलणारी सबस्टिट्यूट कमांडसुद्धा तशीच: कर्सर मिटलेल्या फोल्डवर असेल तर बदल आतल्या प्रत्येक ओळीत होतो. पायथनमध्ये इंडेंट पद्धतीत डेफची, म्हणजे फंक्शनचं नाव असलेली, ओळ फोल्डच्या बाहेर राहते, त्यामुळे खालच्या फोल्डवर डी-डी केलं की नाव शिल्लक आणि शरीर गायब. यू दाबून परत आणता येतं, पण ते लक्षात यायला हवं. म्हणून खोडण्याआधी फोल्ड उघडायची सवय लावाच. याच गुणाचा फायदाही आहे: अख्खा ब्लॉक डी-डीने उचलून पीने दुसरीकडे ठेवता येतो.

सिंटॅक्स पद्धत (भाषेच्या रचनेवरून फोल्ड ठरवणारी) लावली आणि एकही फोल्ड दिसला नाही, तर त्या भाषेच्या सिंटॅक्स फाइलमध्ये फोल्डच्या व्याख्या आहेत का ते बघा. सीसाठी आहेत. एक्सएमएलसाठी आहेत, पण एक्सएमएल-सिंटॅक्स-फोल्डिंग हे व्हेरिएबल १ केल्याशिवाय जाग्या होत नाहीत. मोठ्या फाइलमध्ये ही पद्धत टाइप करताना जड होते, आणि उघडणारा कंस टाकला की तो बंद होईपर्यंत खालचे फोल्ड विस्कटतात. इन्सर्ट मोडमध्ये (टाइप करण्याच्या अवस्थेत) शिरताना पद्धत तात्पुरती मॅन्युअल करून बाहेर पडताना पूर्ववत करणारे दोन ऑटोकमांड (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या कमांड) लिहिले की दोन्ही त्रास कमी होतात.

हाताने केलेले फोल्ड फाइल बंद केल्यावर जातात. ते टिकवायला एमकेव्ह्यू आणि पुन्हा आणायला लोडव्ह्यू. एमकेव्ह्यूने जतन केलेल्या या नोंदीत, म्हणजे व्ह्यूमध्ये, त्या फाइलचे फोल्डविषयीचे पर्यायही जतन होतात. त्यामुळे पुढे व्हिमआरसीत पद्धत बदलली, तरी लोडव्ह्यू जुनीच परत आणतो आणि फक्त तीच एक फाइल हट्टाने वेगळी वागते. अशा वेळी व्ह्यूडिर या पर्यायात दिसणाऱ्या फोल्डरमधून त्या फाइलचा जुना व्ह्यू काढून टाका आणि नवीन पद्धत लावून एमकेव्ह्यू पुन्हा चालवा.