नंबर तोच, माप वेगळं: कपडे आणि बूट घेताना काय करावं

नागपुरात बर्डीवर कपडे घ्यायला निघालात की पाकिटासोबत एक इंची टेपही ठेवा. शिवणसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. मागच्या महिन्यात मेन रोडवरच्या एका दुकानात मी 34 नंबरच्या तीन पँट काउंटरवर शेजारी शेजारी पसरल्या आणि कमरपट्टे मोजले. एक 34 इंच भरली, दुसरी साडेपस्तीस, तिसरी साडेछत्तीस. दुकानातले काका म्हणाले, "कंपनी वेगळी आहे नं जी, फरक येणारच." खरं बोलले ते. पण घेणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही.

माझी भाची बारावीला आहे. एकदा ती ट्रायल रूममधून रडवेली होऊन बाहेर आली. नेहमीचा एम चढत नव्हता, एल दंडात अडकत होता. "मामा, मी जाड झाली का?" मी त्या कुर्तीचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तिथला घेर, मोजला, मग तिच्या अंगातल्या कुर्तीचा. नवीन कुर्तीचा मुंढा पाऊण इंच लहान कापलेला होता. पोरीचं वजन होतं तेवढंच होतं. हा लेख मी खरं तर तिच्यासारख्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

आधी बघा, नंबर कशाचा आहे

आपल्याकडे एकच आकडा दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑफिसच्या फॉर्मल शर्टावर 38, 39, 40, 42 असे नंबर दिसले तर ते बहुधा कॉलरचे सेंटिमीटर असतात. 39 म्हणजे साधारण साडेपंधरा इंचांचा गळा. कुर्त्यावर किंवा टी-शर्टवर 40 लिहिलं असेल तर ती छाती असते, इंचांत. त्यामुळे "मला 40 लागतो" असं सांगून शर्ट आणि कुर्ता दोन्ही मागितले की एक तरी फसतो. पँटचा नंबर कमरेचा, इंचांत. पण पँट बेंबीवर बसते की खाली, यावर कमरेचं मापच बदलतं. शिवाय गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या मापावर लहान नंबर लावायची पद्धत जगभर आहे. काउंटरवरच्या माझ्या त्या तिसऱ्या पँटवर तेच झालं असावं.

सेंटिमीटर शोधा. 2022 मध्ये वेष्टित वस्तूंच्या वजनमाप नियमांत बदल झाला, तेव्हापासून सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एलसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमधलं मापही द्यावं लागतं. टॅग उलटून बघा. ते माप नंबरपेक्षा जास्त कामाचं आहे.

घरी, पलंगावर: अर्ध्या तासाचं काम

अंगाचं माप घ्यायच्या भानगडीत आधी पडू नका. श्वास कोणी आत ओढतं, टेप कोणी सैल धरतं. त्यापेक्षा कपाटातला सगळ्यात छान बसणारा शर्ट काढा, जो घातल्यावर आरशात दुसऱ्यांदा बघावं लागत नाही तो. बटणं लावून पलंगावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा. मुंढ्याच्या एक इंच खाली, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा: ही झाली छाती. मग पाठीवरून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत. मग बाही. मग कॉलरजवळच्या खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत लांबी.

पँटची कंबर मोजताना पुढचा आणि मागचा पट्टा जुळवून घ्या, नाही तर आकडा चुकतो. कंबर झाली की मांडी, पुढून कमरपट्ट्यापासून पायांच्या जोडापर्यंतचं अंतर, पायाची आतली लांबी आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी. कंबर जुळूनही बसताना पँट काचते, तेव्हा दोष बहुतेकदा त्या पुढच्या अंतराचा किंवा मांडीचा असतो, आणि लेबलवर ते दोन्ही सहसा लिहिलेले नसतात.

टेप जुनी असेल तर स्टीलच्या पट्टीला लावून एकदा तपासा. कापडी टेप वापरून ताणली जाते. सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये मोबाइलमध्ये लिहा, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने.

पाऊल

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की संध्याकाळपर्यंत पाय फुगतात. पाऊल म्हणून संध्याकाळीच मोजा, बूटही संध्याकाळीच घ्या. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभे राहा. बसून मोजलेलं चालत नाही. अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. चवड्याची रुंदीही घ्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल तो धरा.

आता नंबर. भारतात आपण वापरतो ते इंग्लंडचे नंबर. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरात तोच फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आत. दोन पट्ट्या वेगळ्या, म्हणून त्या पूर्ण जुळत नाहीत. ज्या साच्यावर बूट बांधतात त्याच्या लांबीवरून हिशेब केला तर इंग्लंडचा 8 नंबर युरोपच्या 42 ला अगदी चपखल बसतो, पण 7 नंबर येतो 40.6. मग एक कंपनी डबीवर 40 छापते, दुसरी 41. तुमचा पाय तोच, डबीवरचा आकडा दोन. लहान मुलांचे नंबर तर 13 ला संपतात आणि पुन्हा 1 पासून सुरू होतात. मुलासाठी "1 नंबर" सांगताना तेराच्या पुढचा 1, हे स्पष्ट बोला.

रुंदीचा प्रश्न मला यातला सगळ्यात गंभीर वाटतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. निष्कर्ष निघाला तो इतवारीतल्या चपलांच्या कारागिरांना आधीच ठाऊक असेल: आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. कपड्यांसाठी निफ्टनेही, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनेही, असंच काम हाती घेतलं, 15 ते 65 वयाच्या सुमारे 25,000 लोकांच्या मापांचं, सहा शहरांत. नागपूर त्या यादीत नाही, याची मला हळहळ वाटते.

रुंद पायवाल्यांनी एक करावं. बुटातली आतली गादी काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभं राहावं. बोटं गादीच्या बाहेर सांडत असतील तर तो बूट तुमचा नाही. लांबीला पुढे एक सेंटिमीटरभर जागा हवी. "वापरल्यावर ढिल्ला होते" हे रुंदीच्या बाबतीत चामड्यात थोडंफार खरं आहे, लांबीच्या बाबतीत अजिबात नाही. नंबर वाढवून रुंदी मिळवायला जाऊ नका. टाच सुटते आणि फोड येतात. रुंद साच्याचा बूट मागा.

दुकानात

आवडलेला कपडा सपाट ठेवून तुमच्या आकड्यांशी ताडून बघा, मगच ट्रायल रूममध्ये न्या. जो नग घालून पाहिला तोच घ्या. "नवीन पॅक देतो" म्हणाले तर तोही घालून बघा. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतात, थर जरासे सरकतात. एकाच नंबराचे दोन नग अर्धा इंच इकडेतिकडे असू शकतात. घातल्यावर हात वर करा, उकिडवे बसा, स्कूटरवर बसल्यासारखे हात पुढे धरा. आरशासमोर ताठ उभं राहून सगळंच बरं दिसतं.

ऑनलाइन मागवताना

तक्त्यातला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा, हे पहिलं शोधा. अंगाची छाती 100 सेंटिमीटर असेल तर आरामात बसणाऱ्या शर्टाची छाती 110 च्या आसपास असते. हा फरक न बघता मागवलं, तर एक माप चुकलंच समजा. तुमच्या पलंगावरच्या शर्टाचे आकडे कपड्याच्या तक्त्याशी जुळवा. बुटांसाठी सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी दिलेली असेल तरच मागवा. टॅग लगेच तोडू नका, बूट घरात फरशीवरच घालून बघा.

बिलामागे बदलून देण्याची मुदत वाचा. वस्तू सदोष निघाली, कपड्यावर लिहिलेलं माप प्रत्यक्षात भरलं नाही, आणि दुकान ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

आल्टरला देण्याआधी

रेडिमेड कपड्यात शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, जेमतेम सोडलेली असते. ढगळ कपडा आत घेता येतो, घट्ट कपडा सोडवता येत नाही. दोन नंबरांमध्ये अडकलात तर मोठा घ्या. कंबर, लांबी, मोहरी टेलर सहज करून देतो. खांदा उतरत असेल तर मात्र सगळी बाही उसवावी लागते, खर्च वाढतो, आणि तरी मन भरत नाही. खांदा न बसणारा शर्ट दुकानातच ठेवा. सुती कपडा आधी एकदा धुऊन वाळवा आणि मगच टेलरकडे न्या, कारण आटायचा असेल तेवढा तो पहिल्या धुण्यातच बहुतेक आटून घेतो.