ताप नसलेल्या गरोदर बाईचंही रक्त तपासा

गडचिरोलीच्या दक्षिण भागात एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका आहे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं आमच्याच जिल्ह्याचा. नव्याने रुजू झालेल्या मुली विचारतात, "ताई, गावात हिवताप वाढतोय हे लवकर कसं ओळखायचं?" मी सांगते, गरोदरपणाची नोंद करायला येणाऱ्या बाईच्या बोटातल्या थेंबातून.

ताप आला आणि दाखवायला आला, असाच माणूस आपल्या नोंदीत येतो. इथे अंगात जंतू असूनही शेतावर जाणारी माणसं पुष्कळ आहेत. लहानपणापासून हिवताप होऊन होऊन शरीर सरावलेलं असतं, ताप चढतच नाही. अख्ख्या गावाचं रक्त दर महिन्याला कोण काढणार? गरोदर बाई मात्र आजारी नसतानाही येते. हिमोग्लोबिनसाठी तिचं बोट टोचायचंच असतं. त्याच टोचणीतला आणखी एक थेंब आरडीकेवर, म्हणजे हिवताप जागेवरच तपासायच्या कीटवर घ्या. टांझानियात 2014 पासून पहिल्या भेटीत प्रत्येक गरोदर बाईची अशी तपासणी करायचं धोरण आहे.

एका श्रावणात एक पहिलटकरीण आली होती. चौथा महिना, दोन नाले ओलांडून आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. आशाताईने तिच्या माडिया बोलीत विचारलं, ताप? थंडी? ती नाही म्हणाली, फक्त दम लागतो. हिमोग्लोबिन आठच्या खाली. कीटवर हिवताप दाखवणारी दुसरी रेघ इतकी फिकी, की आतल्या अंधारात दिसेना. दारात उजेडाला नेलं तेव्हा दिसली. फॅल्सीपॅरम, हिवतापाचा जास्त घातक जंतू. तिच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, घरोघरी रक्त घेतलं, तर अंगणात खेळणाऱ्या पोरांमध्येही निघाला. म्हणून कीट उजेडातच वाचा, फिकी रेघही रेघच धरा. पाकिटावर दिलेली वेळ, बहुधा पंधरा ते वीस मिनिटं, घड्याळ लावून पाळा. उशिरा उमटलेल्या रेघेवर विसंबू नका. कीट उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, खराब होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "गेल्या वीस दिवसांत रात्री कुठे झोपलात?" कार्डावरचा पत्ता उतरवून घेऊ नका. डास चावल्यावर फॅल्सीपॅरमचा त्रास सुरू व्हायला साधारण दहा-चौदा दिवस जातात. पहिलटकरीण माहेरी असते, कोणी मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेली असते, कोणी तेंदूपत्त्यासाठी जंगलात मुक्काम केलेला असतो. मी एकदा सासरचं गाव लिहिलं आणि फवारणीची माणसं तिकडे गेली. बाई महिनाभर माहेरी होती. माहेरच्या गावात आम्ही पोहोचेपर्यंत आणखी दोन आठवडे गेले, ते मला अजून लागतं. मच्छरदाणीचंही असंच. "आहे का?" विचारलं की सगळ्या हो म्हणतात. "काल रात्री तिच्यात झोपलात का?" असं विचारा.

तक्ता वहीतच आखा: तारीख, कितवं बाळंतपण, झोपण्याचं गाव, काल रात्रीची मच्छरदाणी, ताप होता की नाही, कीटचा निकाल. यात फक्त पहिली भेट धरा. पुढच्या भेटी मिसळल्या तर आकडा बिघडतो, कारण औषध पूर्ण घेऊनही फॅल्सीपॅरमची रेघ काही आठवडे येत राहते. पहिलटकरणी वेगळ्या मोजा. हा जंतू वारेत, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या भागात, दडून बसतो, आणि पहिल्या खेपेला शरीर त्याच्याशी लढायला शिकलेलं नसतं. म्हणून त्यांच्यात तो जास्त सापडतो. एखाद्या तिमाहीत पहिलटकरणीच जास्त आल्या, तर हिवताप वाढल्यासारखा भासेल.

आदिवासी भागात उपकेंद्राची लोकसंख्या 3000 धरली, तर वर्षाला नोंदी साठेक, महिन्याला पाच. पाचात एक निघाली की झाले 20 टक्के, त्यावरून काही ठरवता येत नाही. अख्ख्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदी तिमाहीला एकत्र करा, शंभराच्या आसपास भरतील. मग गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहा. गावाचं मात्र वेगळं आहे. तिथे एकच बाई निघाली तरी घरोघरी तपासणी करायची, टक्केवारीची वाट पाहायची नाही.

तपासणी आधी त्या बाईसाठी आहे, तक्ता नंतर. हिवताप निघाला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कितवा महिना यावर औषध ठरतं, आणि प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध गरोदरपणात द्यायचं नाही. कीटवर दुसरी रेघ नाही म्हणून तिला निर्धास्त करू नका. वारेत लपलेला जंतू बोटाच्या रक्तात सापडेलच असं नाही. "ताप आला की लगेच ये" असं आशाताईकडून तिच्या भाषेत सांगा, आणि आली की पुन्हा कीट आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचेवरची रक्तपट्टी दोन्ही घ्या.

मासिक बैठकीला जाताना ही वही आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे निकाल शेजारी-शेजारी ठेवा. जिथे दोन्हीकडे एकच गाव दिसेल, त्या गावाच्या मच्छरदाण्या नाले भरायच्या आधी मागून घ्या.