तिरफळ वापरताना या चुका टाळा

बांगड्याचं तिखलं ताटात आलं, पण ओठ झिणझिणलेच नाहीत. किंवा उलटं, आमटी काढ्यासारखी कडू झाली. दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा तिरफळ, म्हणजे कोकणात माशांच्या आमटीत घालतात तो मसाला, हाताळण्यात असतं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तिरफळ वाटणात घालून मिक्सर फिरवणं. वाटण खोबरं, सुकी मिरची, हळद, चिंच एवढ्याचंच करा. तिरफळाचा वास आणि झिणझिण टरफलात असते. आतली काळी चकचकीत बी दाताखाली वाळूसारखी लागते. बी काढून टाका. टरफलं खलबत्त्यात नुसती ठेचा, दोन चमचे पाण्यात भिजवा आणि मासे घातल्यावर शेवटच्या उकळीला त्या पाण्यासकट सोडा. चार बांगड्यांना सात-आठ तिरफळं पुरतात. लसूण मी अशा आमटीत घालतच नाही, तिरफळाचा वास त्याखाली दबतो.

झिणझिण कमी वाटली की काही जण मिरची वाढवतात. त्याने जिभेची आग वाढेल, मुंग्या येणार नाहीत. मिरची भाजल्याची जाणीव जागवते, तिरफळातलं सांशूल नावाचं रसायन मात्र स्पर्शाच्या नसांना छेडतं. चीनची सिचुआन मिरी तिरफळाच्याच झँथोझायलम प्रजातीतली. लंडनच्या संशोधकांनी 2013 साली ती ओठांना लावून पाहिली, तेव्हा जाणवणारा कंप सेकंदाला सुमारे 50 निघाला! परदेशात तिरफळ मिळत नसेल तर हीच मिरी घ्या. वास थोडा वेगळा येईल, पण ओठ नक्की झिणझिणतील.

तिरफळ जुनं झालं असेल तर कितीही घाला, उपयोग नाही. टरफलाचा छोटा तुकडा पुढच्या दातांनी चावून बघा. मिनिटभरात जिभेचा शेंडा चुणचुणला नाही तर ते बाजूला काढा. नवीन आणलं की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उन्हापासून लांब ठेवा.

दुकानात मागताना ‘तिरफळ’ असं स्पष्ट सांगा. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. मला एकदा त्याच्या चूर्णाची पुडी मिळाली होती आणि पाहुणे यायला तासच उरला होता.

आमटीत जास्त पडलंच तर टरफलं वेचून काढा, नारळाचं दूध घाला. खाताना अख्खं तिरफळ चावलं गेलं तर घाबरू नका, बधिरपणा थोड्या वेळात ओसरतो. पण ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडकू लागला, तर ती ॲलर्जी असू शकते; लगेच डॉक्टर गाठा.