बाळाला उमासे येतात, घास तोंडात कोंबतं? या चुका टाळा

उष्टावणानंतरचे आठ-पंधरा दिवस पेजेसारखा पातळ भात बिनबोभाट पोटात जातो. मग एक दिवस भातात अख्खं शीत लागतं. बाळ लालबुंद होतं, जीभ बाहेर काढतं, डोळ्यांत पाणी, 'ॲक्' असा आवाज, आणि घास हनुवटीवर. इथे घरातले सगळे धावतात, आणि चुकांची सुरुवात बहुधा या धावण्यातच होते.

सहा महिन्यांच्या बाळाला उमासा येतो तो जिभेच्या मध्याच्या आसपास काही टेकलं तरी. मोठ्यांमध्ये ही जागा बरीच मागे, घशाजवळ असते. बाळाचीही ती हळूहळू मागे सरकते, पण त्याला वर्षभराचं वय उजाडतं. म्हणजे उमासा येतो तेव्हा घास घशापासून लांबच असतो, आणि बाळ तो स्वतःच पुढे ढकलत असतं.

फरक कानाने ओळखा. खोकला, ओकारीचा आवाज किंवा रडणं ऐकू येतंय, तर हवा आत-बाहेर जाते आहे. तोंड उघडं आहे पण आवाज नाही, खोकला दुबळा किंवा बंद झालाय, ओठ-हिरड्या निळसर पडताहेत, तर घास श्वासनलिकेत अडकलाय.

'वर बघ, चिमणी बघ' म्हणणं

ठसका लागला की टाळूवर थोपटून वर बघायला लावायची आपली जुनी सवय. पण मान मागे गेली की पुढे येऊ पाहणारा घास घशाकडे घसरतो. उमासा येत असताना बाळाला कमरेतून थोडं पुढे झुकवा आणि थांबा. पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट तर मुळीच नको. न दिसणारा घास बोटाने काढायला जावं तर तो हमखास आत ढकलला जातो. दहा-पंधरा सेकंदांत बहुतेक बाळं स्वतःच मोकळी होतात. तोवर तुमचा चेहरा शांत ठेवा. आईने किंचाळून ताट उचललं की पुढच्या जेवणाला बाळ तोंडच मिटून घेतं.

आवाजच बंद झाला तर मात्र एक क्षणही थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीचा आधार घेऊन हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच ठोसे द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या हाडावर मधोमध पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून-पालटून करा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. पोट दाबायचं नाही, पाय धरून उलटं टांगायचं नाही. बाळ निपचित पडलं तर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा उपचार) सुरू करावा लागतो. तो बाळ रांगायच्या आत कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

आडवं घेऊन भरवणं

बोंडल्याने दूध पाजायची सवय भाताला लावली जाते. पायांवर आडव्या घेतलेल्या बाळाच्या तोंडातला घास जिभेला कळायच्या आत मागे जातो. बाळ ताठ बसलेलं हवं, पाय कशावर तरी टेकलेले. उंच खुर्ची नसेल तर मांडीत, पाठ तुमच्या पोटाला टेकवून बसवा.

चमचा उथळ घ्या आणि अर्धाच भरा. तो खालच्या ओठावर टेकवून थांबायचं. बाळाने ओठ मिटले की सरळ बाहेर काढायचा. वरच्या हिरडीला निपटून काढलेला घास टाळूला चिकटतो, मग उमासा.

वर्षभर मिक्सर

उमाशाच्या भीतीने गुळगुळीत पेस्टच देत राहिलं तर जिभेला गाठी ओळखायची संधीच मिळत नाही. आधी चाळणीतून गाळलेलं, मग रवीने घोटलेलं, आठव्या महिन्याच्या सुमारास हाताने कुस्करलेलं, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत मऊ गाठी. एक चूक मात्र सहसा लक्षात येत नाही: पातळ वरणात सुटी शितं. पाणी आधी घशात जातं, शीत मागून येतं, आणि बाळ गोंधळतं. वरण घट्ट घ्या आणि भात त्यात पूर्ण कालवा.

समोर ताटभर तुकडे ठेवणं

गाल फुगेपर्यंत कोंबणारं बाळ हावरट नसतं. तोंड किती भरलंय हे त्याला अजून नीट जाणवत नाही, आणि चिमटीत धरता येऊ लागलं की हात तोंडापेक्षा वेगाने चालतात. त्यात ते फार भुकेलं असेल किंवा समोर मोबाईल चालू असेल, तर विचारूच नका.

दोनच तुकडे समोर ठेवा. ते गिळले की पुढचे दोन. गंमत म्हणजे इथे मोठा तुकडा जास्त उपयोगी पडतो: करंगळीएवढी उकडलेली गाजराची किंवा दुधीची फोड. तिचं एक टोक तुम्ही धरा, बाळाला हिरडीने तोडू द्या. किती तोडायचं हे ते त्यातूनच शिकतं. फोड चिमटीत दाबल्यावर सहज चेपली पाहिजे.

तोंड भरलंच असेल तर पुढचा घास थांबवा, पुढे झुकवा, स्वतः जीभ बाहेर काढून 'थू' करून दाखवा. पाण्याने घास उतरवायला जाऊ नका.

पोळीचा इथे विशेष उल्लेख हवा. सुक्या पोळीचा लाळेत चिवट गोळा होतो, ब्रेड आणि केळ्याच्या मोठ्या घासाचंही तेच. पोळी वरणात किंवा गरम पाण्यात भिजवून पूर्ण विरघळवा. ज्वारीची भाकरी त्या मानाने सोपी, ती चुरते. फक्त वरचा पापुद्रा काढा, तो टाळूला चिकटून बसतो.

शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, लाह्या, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, कच्चं गाजर किंवा सफरचंद, बिया असलेली बोरं-जांभळं पाच वर्षांपर्यंत नकोत. दाण्याचं बारीक कूट भातात चालतं. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. आडवी चकती श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखी बसते.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

प्रत्येक जेवणात उमाशासोबत उलटी, दहा महिन्यांनंतरही गाठीला पूर्ण नकार, पाणी पितानाही ठसका, जेवल्यावर घशात घरघर, तासाभराने गालात सापडणारा घास, किंवा वजन न वाढणं. जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात बाळ हमखास खात नाही.